न झाडलेली जागा

धाकट्या लेकाच्या, रुपेशच्या लग्नाचा मांडव अजून उतरायचा होता. दोन हजार दोन सालचा एप्रिल. मांडवाच्या सावलीत जानकाबाई नातीला पुढ्यात घेऊन तिच्या केसांतला गुंता सोडवत होती आणि नात, प्रज्ञा, मांडीवर कागद ठेवून म्हशी तयार करत होती.

"हालू नको गं."

"नाय हालत. आजी, ही दुसरी म्हैस माझं डोकं खाणार हाय बघ."

"कुणाची म्हैस?"

"कुणाचीच नाय. कॉम्प्युटरातली."

जानकाबाईने हुं केलं आणि फणी पुन्हा बुडख्यापासून घातली. प्रज्ञा घोडेगावच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रॅक्टिकलची परीक्षा तोंडावर आलेली. त्यासाठी तिने डेअरीचा प्रोग्रॅम घेतला होता, कारण शिनोलीत राहून दुसरं काय सुचणार. घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून ती सगळं आधी कागदावर लिहायची आणि मग घोडेगावला कुंडलिकच्या क्लासात जाऊन मशीनवर चालवून बघायची. परीक्षा झाली की पावसाच्या तोंडावर ती मैत्रिणींबरोबर पुण्याला जाणार होती, कामाला.

हे पुण्याला जाणं जानकाबाईच्या छातीत कुसळासारखं बसलं होतं. पुणं लांब म्हणून नव्हे. पोरगी कोरी होती म्हणून.

जानकाबाई सुईण. शिनोलीत आणि आसपासच्या वाड्यांत चाळिशीच्या आतलं बहुतेक माणूस तिच्या हातातून जमिनीवर आलेलं. पोर बाहेर आलं, नाळ कापली, की त्याचं पहिलं रडणं संपायच्या आत ती त्याच्या उजव्या कानाला ओठ लावायची आणि सांगायची. तू कुणाचं, तू कुठं आलंस, बाहेर ऊन आहे का पाऊस. एवढं सगळ्यांना सारखं. शेवटी एक गोष्ट त्या पोरापुरती, त्याचं तोंड बघून सुचेल ती. ती आईलाही कळू द्यायची नाही. सासूकडून आलेली रीत होती ही. सासूच्या वेळी घरात देव होते, जानकाबाईच्या वेळी देव जाऊन भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आला, पण कानात सांगायचं तसंच राहिलं. बाकीच्या आळ्यांत पाचव्या दिवशी सटवाई पुजायचे. त्या बाया तिला चिडवायच्या, तेव्हा ती म्हणायची, "तुमची सटवाई पाचव्या दिशी येती बायांनो, मी पयल्या घटकंला. तिला काय लिवायचं ते लिवू द्या. माझं सांगून झालेलं असतं."

आणि गावाचा त्यावर विश्वासही होता, निदान भांडण्यापुरता. गेणभाऊची बायको एकदा भर दुपारी कंबरेवर हात ठेवून दारात उभी राहिली होती.

"आत्या, ह्या माझ्या माणसाच्या कानात काय सांगून ठेवलंय वो तुमी? गोठ्याचं दार आज करतो, उद्या करतो. दार पडलं, आता गोठा पडंल."

"सांगितलं व्हतं, दमानं घे," जानकाबाई म्हणाली होती. "आता एवढं ऐकंल हे मला काय ठावं?"

सगळं गाव असं तिच्या ओठांखालून गेलेलं. एकाच पोराच्या कानात सांगायचं राहिलं, ते घरचं.

एकोणीसशे एक्याऐंशीचा श्रावण. थोरली लेक शेवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पोर सुखरूप झालं, पण शेवंताचं रक्त थांबेना. जानकाबाईचे दोन्ही हात लेकीत गुंतलेले. शेजारच्या सारजाबाईने पोर उचलून जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि कोपऱ्यात घेऊन बसली. बाहेर पाऊस असा लागला होता की ओढ्याचं आणि पावसाचं एकच पाणी ऐकू येत होतं. जानकाबाईचे हात मोकळे झाले तेव्हा त्या हातांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कोपऱ्यातलं पोर रडून रडून झोपी गेलं होतं. कान मिटला होता. पहिल्या रडण्यानंतर कान मिटतो, मग काही सांगा, ते नुसतं बोलणं.

बाप दुसरं लग्न करून भोसरीला राहिला. पोर आजीकडेच वाढली. उशिरा बोलायला लागली. हाक मारली तर दोन हाकांनंतर ओ द्यायची. गाई पाण्यावर नेल्या की पाण्याकडे बघत उभी राहायची आणि गाई आपल्या आपण घरी यायच्या. आळीतल्या बायांनी तिला नाव पाडलं, कोरी. रागाने नव्हे, लाडानेच, पण नाव चिकटलं.

पण जानकाबाईला भ्यायला लावणारं निराळंच होतं. प्रज्ञा भाकरी खायची ती कडेकडेने. आधी सगळी कड मोडून खायची, बांधाबांधानं चालावं तशी गोल फिरायची आणि मधला मऊ गाभा शेवटी. घरातून बाहेर पडताना दाराच्या चौकटीवर बोटाने दोन टिचक्या मारायची, मग पाऊल टाकायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हे शिकवू शकलं असतं असं एकच माणूस होतं आणि ते तिने पाहिलेलं नव्हतं. पोर सहा-सात वर्षांची असताना एकदा जानकाबाई तिच्यावर ओरडली होती, "सरळ खा की गं, माणसासारखी!" पोर रडली, का ओरडली ते न कळता. त्यानंतर जानकाबाई ओरडली नाही. नात जेवायला बसली की ती चुलीकडे बघायची, नात दारातून निघाली की पाठ करायची. मोकळ्या घरात वारा शिरतो, तसं कोऱ्या माणसात काय शिरत असेल? पोरीत तिचं स्वतःचं असं काही आहे, का नुसती मेलेली तिच्यातून हिंडतेय? गावात होती तोवर नजरेखाली होती. पुण्यात, परक्या माणसांत, ती कशाच्या आधाराने उभी राहणार? मिटलेला कान परत उघडतो का, एवढं तिला पोरगी जायच्या आत कळायला हवं होतं. विचारायचं कुणाला, ते माहीत नव्हतं.

"ही दुसरी म्हैस काय म्हणती?" तिने विचारलं.

प्रज्ञाने पेन कानावर खोचलं. "बघ, म्हैस तयार झाली रे झाली की एक काम आपोआप होतं. कुणी हाक मारायची गरज नाय. कन्स्ट्रक्टर म्हणतात त्याला. म्हशीचा नंबर काय, दूध किती, सगळं तिथंच तिच्यात घालायचं. म्हैस जन्मली की तो आलाच. आणि एकदाच येतो. त्याच म्हशीला परत नाय." ती हसली. "तुझंच काम करतो तो आजी. कानात सांगायचं."

फणी केसांत थांबली.

"एकदाच?"

"एकदाच. नंतर दूध कमीजास्त झालं तर बदलता येतं, पण ते वेगळं. जन्माच्या वेळचं ते जन्माच्या वेळचंच."

मांडवाच्या आंब्याच्या डहाळ्या वाळून चुरचुरत होत्या. जानकाबाईने फणीतले केस काढून त्यांची गुंडाळी केली.

"आन त्यानं काहीच घातलं न्हाई तर? आला आन तसाच गेला तर? मंग त्या म्हशीत काय असतं?"

प्रज्ञाने मान मागे वळवली. आजी असं काही विचारेल असं तिला वाटलं नव्हतं.

"उद्या डोळे दाखवायला घोडेगावला यायचंच हाय ना तुला," ती म्हणाली. "तसंच क्लासात चल. दावते."

*

दवाखान्यात डोळ्यांत थेंब घातले. मोतीबिंदू पिकायला अजून अवकाश आहे म्हणाले. जानकाबाई बाहेर आली तेव्हा जग ताकात बुडवून काढल्यासारखं झालं होतं. उन्हाला कडा नव्हत्या. माणसं जवळ येईपर्यंत नुसते रंग होती आणि जवळ आली की एकदम तोंडं व्हायची. प्रज्ञाने तिचा हात धरला होता. रस्त्याने जाताना जानकाबाईला वाटलं, आपण चालत नाही, कुणीतरी आपल्याला हळूहळू पाण्यावरून सोडलंय.

"चपला बाहेर काढा आजी," कुंडलिक दारातच म्हणाला. तो शिनोलीच्या सरूबाईचा मुलगा. घोडेगावात दोन खोल्या घेऊन त्याने क्लास काढला होता. खिडक्यांना पडदे, मशीनवर प्लॅस्टिकची कव्हरं, आणि भिंतीतून येणारा गार वारा.

जानकाबाईने पदर आवळून घेतला. "काय रं कुंडलिका, भाजीपाला ठिवलाय का काय आत? एवढा गारठा?"

"मशीनला लागतो आजी. माणसाला नाही."

"मशीनची लई बडदास्त. सरू म्हणत व्हती, घरी येत न्हाईस म्हून."

मुलं हसली. कुंडलिकने तिला खुर्ची दिली आणि वाकून हळूच विचारलं, "आजी, आज तरी सांगा. माझ्या कानात काय सांगितलं होतं?"

"तवाच सांगितलं व्हतं. ध्यान दिलं न्हाईस, त्याला मी काय करू?"

आता सगळी खोली हसली आणि कुंडलिकही हसला. प्रज्ञाने मशीन सुरू केलं. जानकाबाईच्या पसरलेल्या डोळ्यांना तो पडदा निळ्या डोहासारखा दिसला, आणि त्यावर पिवळी अक्षरं, बाभळीचा फुलोरा पाण्यावर पडावा तशी. साक्षरतेच्या वर्गात पाच-सात वर्षांमागे ती मराठी वाचायला शिकली होती, बोट ठेवून ठेवून. ही अक्षरं तिची नव्हती. तरी ती बघत राहिली.

प्रज्ञाची बोटं चालत होती. निळा डोह गेला आणि काळा पडदा आला.

"हे बघ आजी. पहिली म्हैस, दूध सहा लिटर. दुसरी म्हैस, दूध सहा लिटर."

"मंग बराबर हाय की."

"अगं, बरोबर कसं? पहिलीला मी सहा घातलं. दुसरीला काहीच घातलं नाय. तिचा कन्स्ट्रक्टर लिहिला, पण आत रिकामाच ठेवला, मुद्दाम, तू विचारलंस म्हणून. तरी ती सहा दाखवतेय. काल माझ्याकडून हेच राहून गेलेलं, नुसतं कागदावर बघून कळत नव्हतं."

"न व्यालेली म्हैस सहा लिटर देती? मला दोन बांध."

मागच्या बाकावरची पोरगी खुसखुसली. कुंडलिक पुढे आला. त्याने टेबलावरची एक वही उचलून बाजूला केली आणि त्या मोकळ्या जागेवर हात ठेवला.

"आजी, ही जागा समजा. सकाळच्या कामाला पहिली म्हैस हितं बांधली. काम संपलं, म्हैस सोडून दिली. गेली ती. पण जागा कुणी झाडली नाही. मशीन झाडत बसत नाही, त्याला घाई असते. मग संध्याकाळच्या कामाला दुसरी म्हैस आली, ती नेमकी त्याच जागेवर बांधली. हिचा कन्स्ट्रक्टर आला, पण त्याच्या हातात काही नव्हतं. आला तसा गेला. मग हिच्यात काय दिसणार? पहिलीचं जे खाली पडून राहिलं होतं तेच."

"म्हंजी आदलीचं."

"आदलीचं राहिलेलं. गार्बेज म्हणतात त्याला. कचरा." तो प्रज्ञाकडे वळला. "आणि भरवसा नाही त्याचा. आज सहा दिसेल, उद्या भलतंच काही. परीक्षेत असं सोडायचं नाही."

"नाही सर," प्रज्ञा म्हणाली आणि पुन्हा निळ्या पडद्यावर गेली. एक ओळ घातली. काळा पडदा आला.

"झालं! दुसरी म्हैस, दूध शून्य."

"शाब्बास."

जानकाबाई पुढे झुकली. तिच्या डोळ्यांना आकडे दिसत नव्हते, नुसते पांढरे ठिपके.

"ते सहा कुठं गेलं?"

"पुसलं," प्रज्ञा म्हणाली. "आल्या आल्या कन्स्ट्रक्टरनं आपलं शून्य घातलं ना तिथं. वरनं लिहिलं की खालचं गेलं."

"आता न्हाई यायचं ते?"

"नाय. कशाला यायला पाहिजे?"

जानकाबाईने पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या. थेंबांचं पाणी अजून येत होतं.

"मगाचंच दाव एकदा."

"आजी, ते चुकीचं होतं."

"आसू दे. दाव."

प्रज्ञाने कुंडलिककडे पाहिलं. त्याने खांदे उडवले, दाखव म्हणून. तिने घातलेली ओळ काढली. काळ्या पडद्यावर ठिपके पुन्हा आले. "सहा," प्रज्ञा म्हणाली. जानकाबाईने हात लांब केला आणि जिथून आवाज आल्यासारखा वाटला तिथे काचेवर बोट टेकवलं. काच बारीक तडतडली, बोटावरची लव उभी राहिली. ती दचकली नाही. बोट तिथेच ठेवून ती कितीतरी वेळ बसली, पोट तपासताना बसायची तशी, आतलं काही हलतं का बघत.

क्लासातलं कुणी हसलं नाही.

*

एसटीला अवकाश होता. स्टँडाच्या मागे करंजाखाली दोघी बसल्या. प्रज्ञाने फडकं सोडलं. भाकरी, लसणाची चटणी, लग्नाच्या घरातले उरलेले दोन लाडू. करंजाची सावली पातळ होती आणि जानकाबाईच्या डोळ्यांत तीही हलत होती, पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटत होतं.

प्रज्ञाने भाकरी घेतली आणि कड मोडली. मग पुढची कड. भाकरी हातात फिरत होती.

जानकाबाईने सवयीने मान वळवायला घेतली. मग वळवली नाही. थेंबांनी भरलेल्या डोळ्यांना नातीचं तोंड नीट दिसत नव्हतं, नुसता एक सावळा गोल, आणि भाकरी फिरवणारा हात. तो हात तिला ओळखीचा होता.

"शेवंता बी आसंच खायाची," ती म्हणाली.

प्रज्ञाचं चावणं थांबलं. आळीत आईचं नाव पोराटोरांच्या तोंडून, सारजाबाईच्या तोंडून तिने ऐकलं होतं. आजीच्या तोंडून नव्हतं ऐकलं.

"कड आदी. मधलं मऊ शेवटाला. मी म्हणायची, गार हुईल. तर म्हणायची, चांगलं ते मागं राहू दे की आये."

प्रज्ञाने उरलेली कड मोडून घेतली. स्टँडावर कंडक्टर कुणावर तरी ओरडत होता.

"आणि दाराला?" तिने विचारलं.

"दाराला बी. दोन टिचक्या. सासरी जाताना बी मारल्या व्हत्या. तुझा आजा म्हनला, दाराला काय इचारतीस गं? तर म्हणली, सांगून जाते."

"मला वाटायचं माझीच खोड हाय."

"तुझीच हाय की."

प्रज्ञाने हातातल्या भाकरीकडे पाहिलं. मधला गाभा राहिला होता, गोल, वाटीएवढा. "म्हणून रागवायचीस व्हय तू?"

जानकाबाईने फडक्यावरचे चुरे बोटाने गोळा केले. "त्या वक्ताला माझे हात मोकळे नव्हते," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "आन आसते तर... तुझ्या कानात मी सांगितलं आसतं, तर तिचं हे..."

चुरे तिने करंजाच्या बुंध्याशी टाकले, मुंग्यांना. प्रज्ञाने मधला गाभा मोडून अर्धा तिच्या हातावर ठेवला आणि दोघींनी तो खाल्ला.

एसटीत जानकाबाईला डुलकी लागली. तिचं माहेर वरच्या अंगाला होतं, धरणात गेलेलं. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की चिखलातून जुने बांध वर यायचे. घरं गेलेली, झाडं गेलेली, बांध मात्र ज्याचे त्याच्या जागी. लोक त्या ओल्या जमिनीत काही ना काही टाकायचे, आणि टाकलेलं उगवायचं, पण ते उगवायचं जुन्या बांधांच्या आतच, कुणी न सांगता. डुलकीत तिने ते पाहिलं. पाणी सरकत होतं, आवाज न करता. ओल्या बांधावरून एक लहान पोरगी कडेकडेने चालत होती, शेताला गोल वेढा घालत, मधल्या मऊ जमिनीत पाय न टाकता. ती शेवंता होती का प्रज्ञा ते दिसेना, आणि जानकाबाईला ते विचारावंसंही वाटलं नाही. पोरगी वळणावर आली की हात वर करायची, ओळखीच्या माणसाला करतात तसा.

"आजी, उतरायचंय," प्रज्ञा म्हणाली.

*

प्रॅक्टिकल चांगलं गेलं. दुसऱ्या म्हशीचाच प्रश्न तोंडी विचारला आणि प्रज्ञाने न अडखळता सांगितलं. जूनमध्ये निघायचा दिवस आला तेव्हा फाट्यावर निम्मी आळी जमली. रुपेश, त्याची नवी नवरी, गेणभाऊ, सारजाबाई. ट्रंक होती, गादीची वळकटी होती, आणि कुणीतरी तांदळाचं गाठोडं आणलं होतं.

"पुन्यात काय तांदूळ मिळत न्हाई व्हय?" गेणभाऊ म्हणाला.

"मिळतो की. पर त्याला वास नसतो. तुमच्या कामासारखा, नुसता दिसाय," सारजाबाई म्हणाली आणि जानकाबाईकडे वळली. "आन तू गं जानके? आता तरी सांग काहीतरी तिच्या कानात. का कोरीच्या कोरी धाडतीस पुन्याला?"

हसणं झालं आणि मग थांबलं, कारण प्रज्ञा खरंच पुढे आली होती. तिने वेणी मागे टाकली, उजवा कान पुढे केला आणि आजीसमोर वाकली. डोळे मिटलेले.

जानकाबाईने दोन्ही हातांत तिचं डोकं घेतलं. तेलाचा वास आला, आणि तेलाखालून पोरीचा स्वतःचा, जो बाळपणापासून तसाच होता. ओठ कानाला लागले. दूर डिंभ्याच्या धरणाच्या बाजूने ढग उतरत होते, एसटी वळणावर दिसत होती. जानकाबाईच्या ओठांशी सगळं आलं, तू कुणाची, तू कुठं आलीस, बाहेर ऊन आहे का पाऊस. शेवटची गोष्टसुद्धा आली, पोरीपुरती.

तिने एक श्वास सोडला, तेवढाच. मग ओठ बाजूला घेतले आणि पोरीच्या कानावरून हात फिरवला, झाकावा तसा.

"काय सांगितलं?" रुपेशने विचारलं.

"खिडकीपाशी बस म्हणलं."

प्रज्ञाने डोळे उघडले. तिचं तोंड असं झालं की सारजाबाई दुसरीकडे बघायला लागली. एसटी थांबली. ट्रंक चढली, वळकटी चढली, तांदळाचं गाठोडं गेणभाऊनेच चढवलं. प्रज्ञा शेवटी चढली. पायरीवर पाय ठेवण्याआधी तिने दाराच्या पत्र्यावर बोटाने मारलं, एक, दोन.

जानकाबाईने पाठ केली नाही. धूळ बसेपर्यंत ती फाट्यावर उभी राहिली. मग घरी येऊन मांडवाच्या जागेवर साचलेला पालापाचोळा बघितला, केरसुणी हातात घेतली आणि परत कोपऱ्यात ठेवली.

शेवंता एकोणीसशे एक्याऐंशीच्या श्रावणात गेली होती. जानकाबाई दोन हजार चारच्या मार्गशीर्षात गेली, भात झोडून झालं होतं आणि प्रज्ञा पुण्याहून येऊन तिच्या उशाशी बसली होती.